मावशींची युनियन आणि आपली पोटदुखी

मंडळी, या शनिवारी जरा भांडायचं आहे. विषय अगदी घरातला आहे, त्यामुळे भांडण लवकर पेटेल याची खात्री आहे :)

मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना राग यायचाय त्यांना खालपर्यंत वाट बघत बसायला नको. आपण ऑफिसात असताना जी बाई आपलं मूल सांभाळते, तिने संघटनेत जावं. वर्गणी भरावी, कार्ड घ्यावं, मीटिंगला जावं. आणि आपण, म्हणजे तिला पगार देणाऱ्यांनी, त्यात आडवं येऊ नये. एवढंच. आता यात भडकण्यासारखं काय आहे? काहीच नाही. तरी हे वाक्य चार जोडप्यांच्या गप्पांत टाकून बघा. चहा गार होईपर्यंत लोक बोलत राहतात.

गंमत म्हणजे हे बोलणारे सगळे कशाचे ना कशाचे तरी मेंबर असतात. इंजिनीयरिंगच्या दुसऱ्या वर्षाला कुणीतरी वर्गात येऊन कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे नाहीतर आयईईईचे फॉर्म वाटून जातं आणि रेझ्युमेवर एक ओळ वाढते म्हणून आपण ते निमूटपणे भरतो. डॉक्टरांची आयएमए १९२८ पासून आहे. सॉफ्टवेअर कंपन्यांची नॅसकॉम १९८८ ची. बिल्डरांची संघटना आहे, हॉटेलवाल्यांची आहे, केमिस्ट लोकांची तर इतकी जबरदस्त आहे की एका हाकेत दुकानं बंद होतात. यातल्या कुणालाही आपण "तुम्ही कशाला एकत्र येता हो?" असं विचारत नाही. तो प्रश्न आपण राखून ठेवलाय तो फक्त मावशींसाठी.

बरं, ही बाई करते काय ते एकदा नीट लिहून काढू, कारण "बाळाला बघते" या दोन शब्दांत सगळं गडप होतं. दहा महिन्यांच्या पोराला भरवणं, घशात अडकलं तर काय करायचं हे माहीत असणं, ताप चढतोय हे थर्मामीटरच्या आधी ओळखणं, झोपेची वेळ सांभाळणं, शी-शू, औषधाचे थेंब मोजून देणं, दुपारी रडणं कशाचं आहे हे कळणं आणि हे सगळं करताना आजीचा फोन, कुरियरवाला आणि व्हिडिओ कॉलवरची आई यांना उत्तरं देणं. आमच्या क्षेत्रात याला प्रॉडक्शन सपोर्ट म्हणतात. फरक इतकाच की आमचा सर्व्हर पडला तर तो रीस्टार्ट करता येतो.

इतकं कौशल्याचं काम आणि त्याला ना ग्रेड, ना अप्रेझल, ना पीएफ, ना ग्रॅच्युइटी. बाई आठ दिवस आजारी पडली तर नववा दिवस तिचा असेलच असं नाही. मूल शाळेत जायला लागलं की काम संपलं, नोटीस पीरियड वगैरे काही नाही. वीस वर्षांत सात-आठ मुलं वाढवलेली बाई नव्या घरात मुलाखतीला बसते ती पहिल्या दिवशीसारखीच. तिच्या अनुभवाचा एकही कागद कुणाकडे नसतो.

संघटना आहेच की! फक्त आपली आहे

सगळ्यात मोठा दुटप्पीपणा इथे आहे. "त्यांनी एकत्र येऊन रेट ठरवले तर कसं होणार?" असं म्हणणाऱ्यांचे रेट कोण ठरवतं? सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप! आमच्या इथे गेल्या वर्षी मुलं सांभाळणाऱ्या दोघींनी पाचशे रुपये वाढवून मागितले. संध्याकाळी ग्रुपवर चर्चा सुरू झाली, तासाभरात एकमत झालं की कुणीच द्यायचे नाहीत, "नाहीतर सगळ्यांचे वाढतील". ठराव, अनुमोदन, अंमलबजावणी, सगळं एका तासात. आता याला युनियन नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? मालकांची युनियन, नोंदणी नसलेली आणि वर्गणीही नसलेली.

पुढे गेटवरचं अॅप. त्यात बाईचा फोटो, फोन नंबर, ती कुठल्या कुठल्या फ्लॅटमध्ये जाते, किती वाजता आत आली, किती वाजता बाहेर पडली, आणि वरून आपण दिलेले स्टार. तिला आपल्याला स्टार द्यायची सोय नाही. पगार वेळेवर न देणाऱ्या फ्लॅटचा नंबर तिला कुठल्याही अॅपवर दिसत नाही. माहिती सगळी एका बाजूला, संघटना सगळी एका बाजूला, आणि मग आपण म्हणतो, "अहो, वाटाघाटी समोरासमोर करू ना, युनियन कशाला मध्ये?" एका बाजूला दोनशे फ्लॅट आणि दुसऱ्या बाजूला एकटी बाई. याला समोरासमोर म्हणत नाहीत.

प्रोफेशनल असोसिएशन की युनियन?

थोडे समजूतदार लोक म्हणतात, "युनियन नको, पण ट्रेनिंग देणारी, सर्टिफिकेट देणारी चांगली प्रोफेशनल असोसिएशन असावी." चांगली कल्पना आहे. जगात तसं झालंही आहे. इंग्लंडमध्ये एमिली वॉर्ड यांनी १८९२ मध्ये नॉर्लंड ही संस्था काढली आणि मुलं सांभाळणं ही शिकून करायची गोष्ट आहे हे लोकांच्या गळी उतरवलं. तिथल्या नॅनींना आज श्रीमंत घरांत मोठा मान आहे. अमेरिकेत १९८५ मध्ये इंटरनॅशनल नॅनी असोसिएशन निघाली. ती परीक्षा घेते, परिषदा भरवते. पण तिच्यात नॅनी आहेत तशा नॅनी पुरवणाऱ्या एजन्सीही आहेत. अशी संस्था कौशल्याचा दर्जा वाढवू शकते. पण पगारासाठी एजन्सीशीच भांडायची वेळ आली तर तिने कुणाच्या बाजूने उभं राहायचं?

त्याच अमेरिकेत दुसरी वाटही आहे. अटलांटामध्ये डोरोथी बोल्डेन यांनी १९६८ मध्ये घरकाम करणाऱ्या बायकांची संघटना उभी केली. त्या स्वतः हेच काम करत आलेल्या. सभासद व्हायचं तर मतदार म्हणून नाव नोंदवलंच पाहिजे अशी त्यांची अट होती. पुढे न्यूयॉर्कमध्ये नॅनी आणि घरकामगार बायकांनी २००० साली डोमेस्टिक वर्कर्स युनायटेड ही संघटना काढली, वर्षानुवर्षं आल्बनीला बसने चकरा मारल्या, आणि २०१० मध्ये राज्याने त्यांच्यासाठी कायदा केला. चाळीस तासांनंतर ओव्हरटाइम (घरातच राहणारीला चव्वेचाळीस), आठवड्यात एक दिवस सुट्टी, वर्षभर काम केल्यावर तीन पगारी रजा. तीन! यासाठी दहा वर्षं भांडावं लागलं, तेही न्यूयॉर्कमध्ये. आपल्यातले बरेच जण ज्या न्यू जर्सीत जाऊन राहिलेत तिथेही २०२४ पासून असा कायदा लागू आहे. म्हणजे एडिसनमधल्या मराठी घरात नॅनी ठेवली तर हे नियम पाळायचे. मग तेच कुटुंब बाणेरला परत आलं की त्याला हे नियम अशक्य का वाटायला लागतात?

माझं म्हणणं, बाईला दोन्ही हवं. ट्रेनिंग हवं, सर्टिफिकेट हवं, पण त्या सर्टिफिकेटची किंमत मागायला मागे माणसंही हवीत. आपल्याकडे सरकारी कौशल्य योजनेत मुलं सांभाळणाऱ्यांसाठी कोर्स आहे. पण सर्टिफिकेट घेऊन आलेल्या बाईला "आमच्या सोसायटीचा रेट एवढाच" असं सांगितलं की त्या कागदाचं करायचं काय? भिंतीवर लावायचा?

आणि हो, ब्यूरो म्हणजे संघटना नव्हे. ब्यूरो आपल्याकडून कमिशन घेतो, कधी बाईच्या पगारातूनही कापतो, आणि दोघांनाही सांगतो की मी तुमचाच माणूस. त्याला दलाल म्हणतात.

पुण्याला हे नवीन नाही

ज्यांना वाटतं की हे सगळं फॉरेनचं फॅड आहे, त्यांच्यासाठी थोडा इतिहास. १९८० साली याच पुण्यात मोलकरणींनी उत्स्फूर्तपणे संप केला होता. पगारवाढ आणि सुट्ट्या या साध्या मागण्या. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पेठांमध्ये, कोथरूडला, डेक्कनला बायका कामावर आल्या नाहीत म्हणून शहराचं काय झालं हे आपल्या आज्यांना विचारा. सदाशिव पेठ बुडाली नाही! भांडी घासली गेली, फक्त काही दिवस दुसऱ्या हातांनी.

त्याच्या आधी १९७२ मध्ये अहमदाबादला इला भट्ट यांनी 'सेवा' ही संघटना नोंदवायला नेली तेव्हा कामगार खात्याने विचारलं, तुमचा मालक कोण? मालकच नाही तर युनियन कुणाविरुद्ध? त्यांचं म्हणणं होतं की संघटना कुणाच्या विरुद्ध असावी लागत नाही, ती आपल्या माणसांच्या एकीसाठी असते. नोंदणी झाली. हे उत्तर प्रत्येक सोसायटीच्या नोटीस बोर्डवर लावायला हवं.

कायद्याचं काय? इथे जरा बघा, कारण आपल्याला वाटतं "सरकार बघेल ना". घरकामगारांसाठी खासगी विधेयकं संसदेत १९५९ पासून येत राहिली. देशपातळीवर त्यांच्यासाठी वेगळा कायदा झालेला नाही. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, तो चांगलाच झाला, पण तो नोंदणीचा आणि कल्याण योजनांचा कायदा आहे. कामाचे तास किती, सुट्टी किती हे तो आपल्याला सांगत नाही. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार आला, भारताने त्याच्या बाजूने मत दिलं आणि नंतर त्याला मान्यताच दिली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्राला सांगितलं की समिती नेमा आणि कायद्याचा विचार करा. आणि नोव्हेंबर २०२५ पासून जी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिच्या 'उद्योग' या व्याख्येतून घरगुती सेवा चक्क नाव घेऊन वगळली आहे. थोडक्यात काय, तर कारखान्यातल्या कामगाराला वाद झाल्यावर जे दार ठोठावता येतं, ते हिच्यासाठी बंद. कायद्याने ज्याच्यासाठी दार ठेवलं नाही, त्याला माणसांचीच भिंत उभी करावी लागते. तिला संघटना म्हणतात.

नेहमीचे आक्षेप

पहिला: "अहो, मावशी आम्हाला घरच्यासारख्या आहेत." छान. मग घरच्या माणसासाठी वेगळी लिफ्ट का? घरच्या माणसाची पिशवी गेटवर कोण तपासतं? घरच्या माणसावर हॉलमध्ये कॅमेरा लावून मीटिंगमधून मोबाईलवर बघतं का कुणी? (कॅमेरा लावू नका असं म्हणत नाही. मूल आपलं आहे, काळजी असणारच. पण मग ते नातं कामाचं आहे हे मान्य करा.) "घरच्यासारखी" या शब्दाचा उपयोग नेमका कधी होतो ते बघा. जास्त वेळ थांबवायचं असतं तेव्हा. पगार वाढवायची वेळ आली की ती लगेच बाहेरची होते. माया असणं आणि हक्क असणं यांचं भांडण नाही. डॉक्टरही आपल्या पेशंटवर जीव लावतो, पण त्याची फी आपण मायेतून वजा करत नाही.

दुसरा: "परवडत नाही हो." हा मात्र प्रामाणिक आक्षेप आहे. ईएमआय, शाळेची फी, सगळं मला कळतं, मीही त्यातच आहे. तर हिशोब करू. समजा मावशींना पंधरा हजार देतोय, सकाळी आठ ते रात्री आठ, महिन्याला २६ दिवस. झाले ३१२ तास. तासाला ४८ रुपये. आता आपण वीकेंडला कुठे बसतो आणि कॉफीचे किती देतो ते ज्याचं त्याने आठवावं. तरीही खरंच परवडत नसेल, तर राग योग्य पत्त्यावर पाठवा. बारा-बारा तास लॉगिन मागतं कोण? २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली आणि पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. आपल्यापैकी कितीजणांच्या ऑफिसात चालतं पाळणाघर आहे? कितीजणांनी एचआरला एक मेल तरी टाकलाय? मालकाकडे मागायची हिंमत होत नाही, म्हणून तो सगळा भार आपण मावशींच्या पाठीवर टाकतो आणि वर म्हणतो, परवडत नाही.

खरं सांगू? आपल्याला संघटनेची भीती वाटते, कारण आपण स्वतः कधी संघटित झालो नाही. एका शुक्रवारी दुपारी कॉन्फरन्स रूममध्ये बोलावून राजीनामा लिहून घेतलेले इंजिनीयर याच शहरात आहेत आणि त्यातल्या कितीजणांना पहिल्यांदा तेव्हा कळलं की आपण एकटे आहोत. आयटीवाल्यांच्या संघटना पुण्यात निघाल्यात, पण तिथे नाव द्यायला आपण कचरतो, "रेकॉर्डवर येईल" म्हणून. मावशींना मात्र ही चैन परवडत नाही.

तिसरा: "संप केला तर बाळाचं काय?" चांगला प्रश्न, पण उलटा विचारा. आज बाई अचानक येत नाही तेव्हा काय होतं? एकजण हाफ डे टाकतो, दुसरी कॉलवर मूल मांडीवर घेते. ही अनागोंदी संघटनेमुळे आहे का? नाही, ती नसल्यामुळे आहे. रजा ठरलेल्या असल्या, त्या आधी कळवायच्या असं दोन्ही बाजूंनी कबूल केलेलं असलं, आणि बदली बाई कोण येणार हे सांगायला संघटना असली, तर अचानक दांडीचं कारणच कमी होतं. अचानक गायब व्हावं लागतं ते सरळ रजा मागायची सोय नसते म्हणून.

चौथा: "युनियन म्हणजे राजकारण." असेल की! बिल्डरांच्या संघटनेत भजन चालतं का? मात्र यात एक गोष्ट खरी आहे. संघटनेच्या नावाखाली पावती न देता पैसे गोळा करणारे भामटेही असतात. त्यामुळे आपल्या मावशी विचारायला आल्या, तर शिकलेला माणूस म्हणून काही गोष्टी जरूर सांगा. नोंदणी क्रमांक विचारा. वर्गणीची पावती घ्या. वर्षातून एकदा हिशोब सगळ्यांसमोर वाचतात का ते बघा. पदाधिकाऱ्यांत हे काम स्वतः करणाऱ्या बायका किती आहेत ते मोजा. आणि सोडायचं असेल तर सोडता येतं ना, तेही विचारा. एवढं जमलं तर झेंडा कुठल्याही रंगाचा असू दे.

मग आपण काय करायचं?

उरुग्वे नावाचा छोटासा देश आहे, फुटबॉलमुळे आपल्याला माहीत असलेला. तिथे २००६ मध्ये घरकामगारांसाठी कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला चव्वेचाळीस. पुढचा प्रश्न असा आला की पगाराची बोलणी करायची तर कामगारांची युनियन आहे, पण मालकांच्या बाजूने बसणार कोण? मालक तर लाखो घरं! तेव्हा तिथली गृहिणींची संघटना पुढे आली. २००८ मध्ये युनियन आणि गृहिणी एका टेबलाशी बसल्या, सरकार मध्ये, आणि करार झाला. तेव्हापासून १९ ऑगस्ट हा तिथे घरकामगारांचा पगारी सुट्टीचा दिवस आहे. कुणाचंही घर मोडलं नाही.

आता हेच आपल्याकडे बसवून बघा. दोनशे फ्लॅटची सोसायटी, कमिटी आहे, एजीएम होते, पार्किंगवर तीन-तीन तास चर्चा होते. त्यातला एक तास काढून मावशींच्या दोन प्रतिनिधींना समोर बसवायला काय हरकत आहे? उभं नाही, खुर्चीवर. लेखी ठरवा: तास किती, सुट्टी किती, आजारपणात काय, दिवाळीत काय, काम बंद करायचं तर नोटीस किती. राज्याच्या मंडळात आणि ई-श्रमवर त्यांची नोंदणी झालीय का ते बघा, नसेल तर लॅपटॉप आपल्याकडे आहे. छळाची तक्रार करायची वेळ आली तर २०१३ चा कायदा घरकामगारांनाही लागू आहे आणि जिल्ह्याची स्थानिक समिती तक्रार घेते, हे त्यांना सांगा. आणि मीटिंगच्या दिवशी "लवकर जाऊ का?" असं त्यांनी विचारलं, तर तोंड वाकडं न करता "जा" म्हणा. यातलं काहीही क्रांती नाही.

शेवटचं. हे तुम्ही वीकेंडला वाचताय. हा रविवार आकाशातून पडलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामगार आठवडेच्या आठवडे सुट्टीशिवाय राबत होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मिल हँड्स असोसिएशन काढली, अर्ज केले, सभा घेतल्या, आणि १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्या वेळच्या मालकांनाही कामगारांचं एकत्र येणं आवडलं नव्हतंच. आज आपण सगळे ती सुट्टी उपभोगतो, लोखंड्यांचं नावसुद्धा न आठवता.

सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. तो रविवार गिरणीतून ऑफिसात आला, बँकेत आला, आयटी पार्कात तर शनिवारलाही घेऊन आला. आपल्या उंबऱ्यापाशी मात्र अडकलाय. त्याला आत घ्यायला मावशी एकत्र येणार असतील, तर दार धरून उभे राहू नका.